भुताला सातबारा लागतो

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पुण्याचे इतिहासाचे एक प्राध्यापक ट्रकच्या धडकेनंतर थेट अशा हिंदुस्थानात जाऊन पडतात, जिथं पानिपतची तिसरी लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. तिथली आगगाडी धरून ते मुंबईला निघतात. या कथेचा इंग्रजी अवतार एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आहे आणि त्यात एक तपशील जाता जाता येऊन जातो: या दुसऱ्या इतिहासात पुण्याबाहेर कारखान्यांच्या वसाहती नाहीत. पिंपरी ओलांडली, आकुर्डी ओलांडली, तरी चिमणी नाही, शेड नाही, गाडी सुसाट लोणावळ्याला. कल्पित साहित्यात पिंपरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्याची नोंद शोधू लागल्यावर हाती लागलेली ही सगळ्यात बोलकी नोंद, आणि ती गैरहजेरीची. नारळीकरांना दोष देण्याचं कारण नाही. उलट इतिहासाचा सांधा बदलला की भूगोल कसा बदलेल हे त्यांनी नेमकं टिपलं. खटकतं ते पुढचंच. ज्या इतिहासात मराठे पानिपत हरले, म्हणजे आपल्या खऱ्या इतिहासात, तिथं या वसाहती आहेत. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९८२ मध्ये महापालिका झाली, आणि पुढे नाशिक रस्त्याला धरून भोसरी, मोशी, चाकण असा पट्टा लांबत गेला. लाखो माणसं इथं राबतात, मराठी वाचतात, मराठी ऐकतात, आणि मराठी भयकथेत किंवा विज्ञानकथेत मात्र हा प्रदेश अजूनही जवळजवळ नाहीच. अलीकडच्या दहाएक वर्षांत या दोन्ही प्रकारांना पुन्हा चांगले दिवस आलेले असताना ही अनुपस्थिती का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. ‘लेखक तिकडचे नाहीत’ हे त्याचं सोपं उत्तर झालं. मला कारण जास्त खोल वाटतं: मराठी भयकथा ही मुळात मालमत्तेची आणि वारशाची कथा आहे, आणि या पट्ट्यातल्या माणसाकडे वारसा म्हणावा असं इथं काही नाही.

आपल्या लोकसमजुतीतली भुतंच पाहा. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा, म्हणजे वंशात शिरण्याच्या उंबऱ्यावर अडकलेला. अळवंतीण बाळंतपणात गेलेली, म्हणजे वंश वाढवताना मेलेली. समंध आपल्या ठेव्यावर, जमिनीवर जीव ठेवून गेलेला. त्याला दुसऱ्याचा हात लागलेला खपत नाही. जातीची उतरंडही मेल्यानं सुटत नाही, ब्रह्मराक्षस कोण होणार हे जन्मानंच ठरतं. थोडक्यात, आपल्याकडे भूत होण्यासाठी कुळ लागतं, गाव लागतं, पिंपळ लागतो, आणि बहुतेकदा जमिनीचा तुकडा लागतो. भुतालाही सातबारा लागतो म्हटलं तर फारसं चुकणार नाही. या समजुती खऱ्या की खोट्या हा इथला मुद्दा नाही. कथाकारानं भीतीचं व्याकरण म्हणून काय उचललं, हा आहे. त्यानं उचललं ते हेच: पूर्वजांनी काहीतरी केलं, घरानं ते लपवलं, आणि आता वारसदाराच्या मानेवर ते येऊन बसलं. भाऊबंदकी, दत्तकविधान, गुप्तधन, बंद खोली, परसातली विहीर, माजघरात खिळलेली म्हातारी. ही सामग्री फार समृद्ध आहे आणि तिच्यातून उत्तम लेखन झालेलं आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. पण ही भीती ज्याच्याकडे काहीतरी चालत आलेलं आहे त्याची. तिची दिशा कायम मागे.

अलीकडच्या गाजलेल्या कृती या चौकटीत किती चपखल बसतात ते बघण्यासारखं आहे. ‘तुंबाड’ हा २०१८ चा चित्रपट हिंदी असला तरी राही अनिल बर्वे यांनी त्यात घातलेलं रक्त मराठी आहे. नारायण धारपांच्या ‘आजी’ कथेची सावली त्यावर उघड दिसते. वाडा, वाड्याखालचं सोनं, ते काढण्याची विद्या बापाकडून मुलाकडे. लोभाची गोष्ट म्हणून त्याचं कौतुक झालं आणि ते रास्त होतं, पण तो लोभही वारसाहक्काचाच. २०२४ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला, त्याच वर्षी ‘मुंज्या’ आला, आणि दोन्हीकडे कोकण, पाऊस, कुटुंब, जुनं पाप. टीव्ही मालिकांत २०१६ ची ‘रात्रीस खेळ चाले’ घराघरांत पोचली तीही कोकणातल्या एका घराच्या इस्टेटीच्या भांडणावर. पुस्तकांकडे वळलं तर आजच्या भयलेखनातला सर्वांत ताकदीचा गद्यकार म्हणून हृषीकेश गुप्ते यांचं नाव घ्यावं लागतं. ‘अंधारवारी’पासून ‘दंशकाल’पर्यंत आणि पुढे ‘हाकामारी’पर्यंत त्यांची भाषा पक्की होत गेली, मराठीत भय हे धक्क्यापेक्षा वाक्याच्या लयीतून चढवता येतं, हे त्यांच्याइतकं सातत्यानं इतर कुणी दाखवलेलं नाही. ‘दंशकाल’ वाचताना भुतापेक्षा घराचीच धास्ती वाटू लागते. पण घराचीच. एका घराण्याच्या पोटात काय काय कुजत असतं याची ती कादंबरी आहे आणि त्या कामात ती बिनतोड आहे. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’नं वाडा सोडून उसाचं रान घेतलं, ते रान भयासाठी किती उत्तम आहे हे दाखवलं, आणि स्त्रीभ्रूणहत्येसारखा आजचा गुन्हा कथेच्या गाभ्याशी ठेवला. तिथंही सगळ्या पापाचं मूळ वंशाला दिवा हवा यातच. या कृती वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही; यातल्या दोन-तीन तर आपल्या काळाच्या उत्तम कृतींत धरता येतील. त्या सगळ्या मिळून एकाच प्रकारच्या माणसाला घाबरवतात, एवढंच.

याला मोठा अपवाद रत्नाकर मतकरींचा. बँकेत वीसेक वर्षं नोकरी केलेल्या या लेखकानं भुताला वाड्यातून काढून चाळीत, ब्लॉकमध्ये, लोकलमध्ये आणलं. ‘खेकडा’, ‘मृत्युंजयी’, ‘कबंध’, ‘फाशी बखळ’ या संग्रहांतली माणसं नोकरदार आहेत, भाड्यानं राहतात, हप्ते भरतात, आणि त्यांना जे पछाडतं ते बऱ्याचदा त्यांच्याच मनाच्या तळाशी असतं. गूढकथा हा साहित्याचाच प्रकार आहे, त्याला खालच्या पंगतीला बसवू नका, हे मतकरींनी आयुष्यभर ठामपणे मांडलं. तरीही मतकरींच्या जगात काम ही पार्श्वभूमी आहे. माणूस ऑफिसातून घरी येतो आणि मग गोष्ट सुरू होते. ऑफिसच त्याला खातंय असं फारसं घडत नाही. धारपांची तऱ्हा वेगळी. शंभराहून अधिक पुस्तकं लिहिणाऱ्या या लेखकानं स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ आणि ‘इट’वरून ‘शपथ’ लिहिली, मराठी वाचकाला आधुनिक भयकादंबरीची चटक लावली, आणि ‘समर्थ’ हे पात्र दिलं. समर्थ येतात, अमंगळाचं स्वरूप ओळखतात, निवारण करतात. वाचकाला यातून मिळणारा दिलासा खोटा म्हणता येणार नाही, पण तो कुलगुरूच्या आधाराचा दिलासा आहे. संकट आलं की घराण्याला बोलावता येईल असा कुणीतरी आहे, या गृहीतकावर तो उभा आहे.

आता या पट्ट्यातला वाचक कोण? पहिल्या लाटेतला, सत्तर-ऐंशीच्या दशकात आलेला, परमनंट झालेला, निगडी-प्राधिकरणात किंवा यमुनानगरात घर बांधून निवृत्त झालेला कामगार एकीकडे. दुसरीकडे लातूर, बीड, नांदेड, बुलढाण्याहून किंवा बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला, चाकण-म्हाळुंगे-कुरुळीला एका खोलीत चार-पाच जणांत राहणारा ठेकेदाराकडचा मुलगा. या दुसऱ्याच्या भीतीची दिशा पुढची आहे. त्याला सर्वांत परिचित असलेला शब्द ‘ब्रेक’. औद्योगिक विवाद कायद्यानं बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं की ती वर्षाची सलग सेवा मानली, म्हणून तो आकडा भरण्याआधीच सेवा तोडायची आणि पुन्हा नव्यानं, कधी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, घ्यायचं अशी सरधोपट पद्धत रूढ झाली. एकच माणूस, तीच लाइन, तेच स्टेशन, पण कागदावर दर सात-आठ महिन्यांनी तो मरतो आणि नव्या गेटपासवर जन्मतो. भयकथाकाराला यापेक्षा आयतं बीज कुठं मिळणार? किंवा प्रेस शॉप घ्या. पॉवर प्रेसवर पत्रा डायमध्ये ठेवायचा, हात बाहेर काढायचे, दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, म्हणजे स्ट्रोक खाली येताना दोन्ही हात बटणांवरच असणार, अशी ती रचना. समोर सेन्सरचा पडदा असतो, मध्ये बोट आलं तर यंत्र थांबावं म्हणून. पण नग वाढवायचे असतात. मग एक बटण पट्टीनं किंवा लाकडी पाचरीनं कायमचं दाबून ठेवलं जातं, सेन्सर बगल देऊन बंद केला जातो, आणि दिवसभरात हजारो वेळा त्याच जागी हात आत जातो, बाहेर येतो. एकदा येत नाही. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगाच्या सुट्या भागांच्या साखळीत बोटं गमावणाऱ्या कामगारांवर ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. पॉवर प्रेस त्यात पानोपानी आहे. खंडेनवमीला याच प्रेसला झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. यंत्रालाही काहीतरी द्यावं लागतं ही जाणीव शॉप फ्लोअरवर आहेच. कथाकारापर्यंत ती पोचलेली नाही.

यावर कुणी म्हणेल, भयकथा मागे पाहते हे खरं, पण पुढे पाहण्याचं काम विज्ञानकथेचं. ती तर मराठीत भरपूर आहे. भरपूर आहे, आणि तिचा वारसा मोठा आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली नारायण विनायक जगताप या टोपणनावानं आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं, लेखक नारळीकर निघाले, आणि एका प्रकाराला प्रतिष्ठा आली. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे गेलं तेव्हा त्या प्रतिष्ठेवर शिक्का बसला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, शुभदा गोगटे, सुबोध जावडेकर, पुढच्या पिढीत संजय ढोले, मेघश्री दळवी ही नावं घेतल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही. पण या परंपरेनं यंत्र पाहिलं ते बहुतांशी प्रयोगशाळेत. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मध्ये यंत्रमानव आहे, आपल्यासारखे आणखी घडवण्याची त्याची आकांक्षा आहे, माणसाच्या भवितव्याचा प्रश्न आहे, तो सुटतो वैज्ञानिकांमध्ये, सुरक्षा अधिकाऱ्यांमध्ये. गोगटे यांच्या ‘यंत्रायणी’त कारभार संगणकाच्या हाती गेलेला समाज आहे. हे प्रश्न मोठे आहेत, मात्र यंत्रमानवामुळे ज्याची शिफ्ट गेली तो माणूस या पानांवर फिरकत नाही. चाकणच्या वेल्ड शॉपमध्ये पिवळे-नारिंगी रोबो आज शेकड्यानं काम करताहेत आणि त्यांच्यासमोर उभा राहून सुटे भाग लावणाऱ्या मुलाला ठाऊक आहे की पुढच्या विस्तारात त्याचं स्टेशन नकाशावर नसेल. कारेल चापेकच्या १९२१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातले रोबो मुळात कारखान्यातले कामगारच होते, हे विज्ञानकथेनं विसरू नये. मराठीत या अंगानं सर्वांत जवळ कोण गेलं असेल तर जावडेकर. आयआयटीतून केमिकल इंजिनिअर झालेल्या या लेखकानं भोपाळ दुर्घटनेवर ‘आकांत’ ही कादंबरी लिहिली. प्रक्रिया, टाकी, झडप, पाळी, दुर्लक्ष यांच्यातून संकट कसं तयार होतं हे ज्याला आतून कळतं त्यानं ते लिहिलं, म्हणून ते टिकलं. ही वाट पुढे मळली नाही याची हळहळ वाटते. ‘आकांत’कडे दुर्घटनेवरची कादंबरी म्हणून पाहिलं गेलं, भयसाहित्याचा एक नवा फाटा म्हणून कुणी तिच्याकडे बघितलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं.

बाहेरच्या साहित्याचा दाखला इथं कामी येतो, कारण ‘कारखाना आणि भूत जमत नाही’ हा आक्षेप त्यानं निकालात निघतो. डिकन्सनं १८६६ मध्ये ‘द सिग्नलमन’ लिहिली तेव्हा रेल्वे ही चालू, ताजी, नफा कमावणारी गोष्ट होती. बोगद्याच्या तोंडाशी एकटा ड्यूटी करणारा माणूस, तारयंत्राची घंटा, आणि अपघाताआधी दिसणारी आकृती. आदल्याच वर्षी डिकन्स स्वतः एका भीषण रेल्वे अपघातातून वाचला होता. स्टीफन किंगकडे पाहिलं तर गंमत अशी की मराठीत रुजला तो एकाकी गावाचा, पिशाचांचा, शापित घराचा किंग. त्याच किंगनं तरुणपणी गिरणीत आणि लाँड्रीत काम केलं होतं, आणि ‘नाइट शिफ्ट’ या १९७८ च्या संग्रहात गिरणीच्या तळघरात उंदीर साफ करायला उतरवलेले कामगार आहेत, माणसाला ओढून घेणारं कपडे दाबायचं यंत्र आहे. त्या यंत्राच्या गोष्टीत सरकारी तपासणीस येतात आणि यंत्रात दोष नाही असा निर्वाळा देतात. ही ओळ वाचताना आपल्याकडच्या किती पंचनाम्यांची आठवण व्हावी! दक्षिण कोरियाच्या बोरा चुंग यांच्या ‘कर्स्ड बनी’मध्ये करणी आहे, तीही पिढीजात धंदा म्हणून करणारं कुटुंब आहे, पण ती करणी एका मोठ्या कंपनीवर आहे, जिनं खोटी बदनामी करून लहान दारूभट्टीवाल्याला संपवलं. मराठीत करणी, भानामती कायम भावबंदावर, सवतीवर, शेजाऱ्यावर. कंपनीवर कुणी कधी केल्याचं वाचलंय का? हाओ जिंगफांग यांच्या ‘फोल्डिंग बीजिंग’मध्ये घडी घालता येणारं शहर आहे, तीन थरांना दिवसाचे तास वाटून दिलेले, आणि सगळ्यात खालच्या थरातला कचरा निवडणारा नायक, ते काम यंत्राकडून सहज होईल, पण मग इतक्या माणसांचं करायचं काय, हा प्रश्न वरच्या थरातले लोक जेवताना चर्चेला घेतात. तिला २०१६ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. चेन च्योफान यांची ‘वेस्ट टाइड’ ई-कचऱ्याच्या बेटावर घडते. भंगारातून धातू वेगळा करणारे स्थलांतरित मजूर, स्थानिक घराण्यांची मक्तेदारी, परदेशी कंपनी. चिखली-कुदळवाडीत २०२५ पर्यंत असलेली भंगार गोदामांची वस्ती डोळ्यांपुढे आणल्याशिवाय मराठी वाचकाला ती वाचता येणार नाही. यातल्या कुठल्याही लेखकानं भुताला किंवा कल्पिताला पातळ केलेलं नाही. उलट, काम हा विषय आत आल्यावर ते घट्ट झालं.

आपल्याकडे या दिशेनं टाकलेलं एक पाऊल म्हणजे आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ (२०२२). मराठीतला पहिला झोंबीपट म्हणून त्याची जाहिरात झाली, त्यातला विनोद काही ठिकाणी उथळ आहे, मधला भाग रेंगाळतो. पण त्याचं स्थान या आढाव्यात मोठं आहे, कारण त्यातलं संकट कुणाच्या पणजोबाच्या पापातून येत नाही. पाणी भरणारी कंपनी, टॉवर, टॉवरला लागून झोपडपट्टी, आणि पाण्याच्या वाटपातली अफरातफर यांतून ते येतं. नायक त्याच कंपनीत इंजिनिअर. चित्रपट घडतो त्या डोंबिवलीला औद्योगिक पट्टा आहे आणि २०१६ व २०२४ मध्ये तिथं झालेल्या स्फोटांनी त्याची आठवण सगळ्यांना करून दिली. इंद्रायणीवर वारीच्या तोंडावर फेस तरंगताना दरवर्षी पाहणाऱ्या पिंपरी-चिंचवडकराला ‘झोंबिवली’ची कल्पना परकी वाटायचं कारण नाही. दुसरं पाऊल कानावाटे पडलं. स्टोरीटेलसारख्या ध्वनिपुस्तकांनी आणि यूट्यूबवरच्या भयकथांच्या वाहिन्यांनी कंपनीच्या बसमध्ये, थर्ड शिफ्टच्या वॉचमनच्या केबिनमध्ये श्रोता शोधला. या ऐकीव कथांत एमआयडीसी येते, घाट येतो, नाइट ड्यूटी येते, हॉस्टेल येतं. अडचण अशी की जागा नवी आणि भूत जुनंच. शेडच्या मागे पांढऱ्या साडीतली बाई उभी राहते आणि ‘इथं पूर्वी स्मशान होतं’ यावर गोष्ट संपते. म्हणजे कारखान्याखालची जमीन तेवढी झपाटलेली, कारखाना निर्दोष. सातबारा पुन्हा जिंकला. हे लेखन हिणवावं इतकं टाकाऊ नाही. ज्या अनुभवाला छापील मराठीनं जागा दिली नाही तो निदान इथं बोलतो. पण त्याला स्वतःचं भय अजून सापडलेलं नाही. वास्तव मात्र कथेच्या पुढे आहे. २०२२ च्या मार्चमध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात बिबट्या शिरला, काही तास काम थांबलं, वनखात्यानं त्याला बेशुद्ध करून नेलं. उसाचं रान जाऊन तिथं शेड आल्यावर जंगल कुठं जातं याची याहून नेमकी गोष्ट कुणी रचून सांगायला हवी होती काय! २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री आकाशात ड्रोन फिरतात म्हणून गावं जागी राहू लागली, हीसुद्धा वेताळाच्या पालखीची नवी आवृत्तीच.

आक्षेप तीन संभवतात. पहिला, दिवसभर कारखान्यात राबलेल्या माणसाला गोष्टीत तरी कारखाना नको असतो. त्याला वाडा, पाऊस, कोकण हवं, ती त्याची सुट्टी आहे. यात तथ्य आहे, आणि वाड्याच्या कथा त्यासाठी लिहिल्या जाव्यातच. पण भयकथेचं सुख निव्वळ पळवाटेचं नसतं. ओळखीच्या जागी अनोळखी दिसणं हेच तिचं खास सुख. गावातून आलेल्या पहिल्या पिढीला वाडा ओळखीचा होता म्हणून तो भीतिदायक होता. बोऱ्हाडेवाडीच्या सोसायटीत जन्मलेल्या मुलीला तो पर्यटनस्थळासारखा दिसतो. तिला लिफ्ट, बेसमेंटमधलं पार्किंग आणि पप्पांचा ‘ब्रेक’ ओळखीचा आहे. दुसरा आक्षेप असा की कारखान्यांतल्या जगण्याला वास्तववादी साहित्य आणि कामगार कविता पुरेशी आहे, त्यात भूत घालून काय मिळवायचं? याचं उत्तर मुंबईनं देऊन ठेवलंय. गिरणगावावर वास्तववादी लेखन थोडंथोडकं झालेलं नाही, तरी जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’मधल्या कथांना वास्तवाच्या कडेवरून पलीकडे जावंसं वाटलं, कारण गिरणी नाहीशी होऊन तिच्या जागी मॉल उभा राहणं हा अनुभव सरळ नोंदीत मावत नव्हता. ‘गिरण्या बंद पडल्यावर’ असं कुणी इथं जोडेल, म्हणजे जागा मेल्याशिवाय तिचं भूत होत नाही. पण डिकन्सची रेल्वे धावत होती, किंगची लाँड्री चालू होती. चाकण बंद पडायची वाट बघण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि त्याला मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. खऱ्या मृत्यूंवर भयकथा रचणं हा त्यांचा अपमान नाही का? २०२१ मध्ये मुळशीतल्या उरवडे इथं रसायनांच्या कारखान्याला आग लागली, २०२३ च्या डिसेंबरात तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या फुलबाज्या बनवणाऱ्या शेडमध्ये आग लागली; दोन्ही ठिकाणी जळालेल्यांत बहुसंख्य बायका होत्या. त्या शेडवर ‘झपाटलेली’ असा शिक्का मारून गोष्ट विकणं हे हीन आहे. शिवाय त्यात एक लबाडीही आहे: भूत आणलं की दोष भुताचा होतो, परवाना देणारे, दार बंद ठेवणारे, नग मोजणारे सुटतात. अंधश्रद्धेविरुद्ध ज्या पुण्यात दाभोलकरांनी काम केलं आणि २०१३ मध्ये प्राण गमावले, तिथं हा धोका हलक्यात घेता येणार नाही. म्हणून या पट्ट्याची भयकथा लिहिणाऱ्याला एक कसोटी लावायला हवी. कथेतलं अघटित पुढे आल्यावर माणसांचा हात झाकला जातो की उघडा पडतो? किंगच्या यंत्राच्या गोष्टीत तपासणीस खोटा ठरतो, ‘झोंबिवली’त कंपनी उघडी पडते, बोरा चुंगच्या शापाला पत्ता आहे. ‘स्मशानावर बांधलेली शेड’ या कसोटीवर नापास होते, कारण तिथं मेलेल्या कामगाराला बाजूला सारून कुणा जुन्या मृताला कर्ता केलेलं असतं.

ही कसोटी पाळून लिहायचं तर लेखकाला दोन्ही परंपरांकडून उसनं घ्यावं लागेल. गुप्त्यांकडून भीती चढवणारं वाक्य, मतकरींकडून भाड्याच्या खोलीतलं मन, जावडेकरांकडून यंत्र आतून कसं चालतं याचं ज्ञान. आज दिवाळी अंकांत गूढकथा एका बाजूला आणि विज्ञानकथा दुसऱ्या बाजूला अशी वाटणी आहे. भयकथेला शास्त्र नको आणि विज्ञानकथेला घाम नको असा त्यामागचा अलिखित करार. स्पर्धांचे नियमही त्याच करारानं बांधलेले असतात: विज्ञानकथेत शेवटी स्पष्टीकरण हवं, गूढकथेत ते नको. २४० व्या दिवसाच्या आत पुसून टाकल्या जाणाऱ्या माणसाची गोष्ट कुठल्या रकान्यात पाठवायची? तिचं स्पष्टीकरण आहे, कायद्याच्या कलमात आहे, हजेरीपटात आहे, आणि तरी ते सांगून झाल्यावर भीती कमी होत नाही. या पट्ट्यात २०१६ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं, २०२४ मध्ये शंभरावं नाट्य संमेलन भरलं. मंडपांना तोटा नव्हता. पुढच्या एखाद्या दिवाळी अंकाच्या संपादकानं चाकण-भोसरीच्या डिप्लोमाधारक मुलांकडून पाच कथा मागवल्या आणि विषय म्हणून फक्त ‘थर्ड शिफ्ट’ एवढंच दिलं, रकाना कोरा ठेवला, तर त्यातल्या चार कथांत पांढऱ्या साडीतली बाई येईल हे गृहीत धरूनही तो अंक विकत घ्यायला हवा.